ऑप्शन फॉर्मची सवय आणि शिफारसपत्रांचा घोळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील मेडिकल रेसिडेन्सीबद्दल, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाबद्दल, मराठी वर्तमानपत्रांच्या शिक्षण पुरवण्यांत जे छापून येते, त्यात यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेचे गुण, क्लासची फी आणि व्हिसा यांनाच जागा मिळते. शिफारसपत्रांच्या वाट्याला एखादी ओळ येते, ‘सोबत तीन-चार शिफारसपत्रे जोडावीत’. एकाच शाखेत अर्ज करणाऱ्याचे त्या ओळीवर कसेबसे भागते. पण आता एमबीबीएस करून तिकडे अर्ज करणारी बरीच मुले दोन शाखांत, क्वचित तीन शाखांतही अर्ज करतात. त्यांचा घात बहुतेक वेळा गुणांमुळे होत नाही. भलत्या शाखेचे पत्र भलत्या प्रोग्रॅमला (हॉस्पिटलातल्या त्या-त्या शाखेच्या प्रशिक्षणक्रमाला) गेल्यामुळे होतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

घोळाचे मूळ आपल्या सवयीत आहे. नीट-पीजी झाली की आपण ऑप्शन फॉर्म भरतो. वर मेडिसिन, त्याखाली पीडियाट्रिक्स, मग अनेस्थेशिया, शेवटी जे मिळेल ते. रँकप्रमाणे जागा मिळते. रेडिओलॉजी आणि गायनॅक एकाच फॉर्मात कशी, असे कोणी विचारत नाही. तिकडे तसे नाही. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमसमोर तुमची स्वतंत्र फाइल उघडते आणि ती वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की या मुलाला खरोखर आमची शाखा हवी आहे का? आपली मुले ऑप्शन फॉर्म भरावा तशी तिकडची यादी भरतात आणि सगळीकडे तीच चार पत्रे जोडून मोकळी होतात.

दोन शाखांत अर्ज करूच नये असे आमचे म्हणणे नाही. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवण्याच्या प्रक्रियेत, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८.५ टक्क्यांनाच जागा मिळाली. दहांतले चार रिकाम्या हाताने परत येत असतील तर पर्याय ठेवणे शहाणपणाचेच. अर्जाच्या शुल्काची रचनाही तिकडेच ढकलते. ईरास या अर्जसेवेचे २०२५ च्या हंगामातले दर पाहा. एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर, ३१व्यापासून पुढे प्रत्येकी ३० डॉलर. आणि ही मोजणी शाखेगणिक वेगळी. म्हणजे एकाच शाखेत ६० अर्ज केले तर १,२३० डॉलर होतात, दोन शाखांत तीस-तीस केले तर ६६०. त्यात २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चे, म्हणजे यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे, गुणच दिसेनासे झाले, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे चाळणी लावताना बाकीच्या कागदांचे वजन वाढले, पत्रांचेही.

आता यातली गंमत पाहा. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीच्या आचारसंहितेनुसार प्रोग्रॅम डायरेक्टरने उमेदवाराला ‘तू आणखी कोणत्या शाखेत, कोणत्या शहरात अर्ज केला आहेस’ असे विचारायचे नसते. दुसरीकडे कुठे अर्ज केलात हे ईरासवरही प्रोग्रॅमला दिसत नाही. वैयक्तिक निवेदन, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, शाखेगणिक वेगळे लिहून जोडता येते. मग गुपित फुटते कुठून? पत्रातून. मानसोपचाराच्या प्रोग्रॅम डायरेक्टरने फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी या उमेदवाराची मी आनंदाने शिफारस करतो’ असे आले, की बाकी काही विचारायची गरजच उरत नाही. ज्या गोष्टीवर प्रश्न विचारायला मनाई आहे, तिचे उत्तर उमेदवार स्वतःच जोडून पाठवतो.

यंत्रणा कशी चालते हे नीट कळले तर हे टळते. ईरासवर पत्रांच्या नोंदी कितीही करता येतात. एका प्रोग्रॅमला मात्र जास्तीत जास्त चारच पत्रे जोडता येतात. प्रत्येक नोंदीला वेगळा लेटर आयडी मिळतो आणि तिचा एक छापील विनंती-अर्ज तयार होतो. तो अर्ज पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरला द्यायचा. डॉक्टर, किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, तो आयडी वापरून पत्राची पीडीएफ अपलोड करते. उमेदवाराने स्वतः अपलोड करायचे नसते. नोंद करतानाच पत्र वाचण्याचा हक्क सोडतो की राखतो, हे ठरवावे लागते. हक्क सोडावाच; राखलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो. पण हक्क सोडला म्हणजे पत्रात काय लिहिले हे तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणूनच कोणत्या शाखेसाठी पत्र हवे, हे आधी आणि लेखी सांगणे एवढेच तुमच्या हातात राहते. नोंद करताना शाखा लिहायची सोय आहे, ती रिकामी सोडू नका. डॉक्टरांच्या हातातल्या कागदावरच शाखा लिहिलेली असली की निम्म्या चुका तिथेच थांबतात.

चार जागांचा हिशेब कसा करावा? इंटर्नल मेडिसिन आणि न्यूरॉलॉजी ही आपल्याकडे बरीच दिसणारी जोडी घेऊ. मेडिसिनच्या प्रोग्रॅमला तीन पत्रे मेडिसिनवाल्यांची आणि चौथे न्यूरॉलॉजिस्टचे किंवा दोन्हीकडे चालणारे सामाईक. न्यूरॉलॉजीला किमान दोन, जमली तर तीन न्यूरॉलॉजिस्टची आणि उरलेली मेडिसिनची. न्यूरॉलॉजीवाल्यांना मेडिसिनचे चांगले पत्र चालतेच, उलट आवडते, कारण त्यांच्या रेसिडेंटला पहिले वर्ष बहुतांश मेडिसिनच्या वॉर्डातच काढायचे असते. एकूण पाच ते सहा पत्रे लागतात. मागावीत सात. सातांपैकी एक डॉक्टर बदली होऊन जातात, एक ‘हो, करतो’ म्हणून विसरतात. कमीत कमी पत्रे किती आणि कोणाची हवीत हे मात्र प्रत्येक प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावरच बघावे. बऱ्याच ठिकाणी तीन चालतात. मानसोपचार आणि फॅमिली मेडिसिनचे अनेक प्रोग्रॅम आपल्या शाखेच्या डॉक्टरचे किमान एक पत्र मागतात. मेडिसिन-पीडियाट्रिक्स या जोडशाखेला दोन्ही बाजूंची पत्रे लागतात, तिथे एकतर्फी फाइल उघडी पडते.

‘शाखेचे पत्र’ म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळीत शाखेचे नाव घातलेले पत्र, असा एक समज आहे. तसे नसते. समजा, चार आठवड्यांच्या इलेक्टिव्हमध्ये (विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विभागातल्या प्रशिक्षणात) विद्यार्थिनीने ८२ वर्षांचा, ५८ किलो वजनाचा एक रुग्ण पाहिला. उजवा हात-पाय लुळा, शब्द सुचत नाहीत, नाडी अनियमित. न्यूरॉलॉजीच्या पत्रात यायला हवे ते असे : सीटी होण्याआधीच तिने मेंदूतल्या डाव्या मिडल सेरेब्रल आर्टरीचा स्ट्रोक (पक्षाघात) असल्याचे सांगितले आणि का ते पटवले, स्ट्रोकची तीव्रता सांगणारा एनआयएच स्ट्रोक स्केल स्वतः मोजला आणि तिचा आकडा रेसिडेंटच्या आकड्याशी जुळला, घरच्यांनी ‘आठ वाजता झाले’ म्हटल्यावर ती तिथे थांबली नाही, आजोबा शेवटचे धडधाकट कधी दिसले हे पुन्हा विचारून घेतले, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही ते तेव्हापासूनच्या साडेचार तासांवर ठरते. हाच रुग्ण मेडिसिनच्या पत्रात येईल तेव्हा तपशील बदलतील. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, होते. घरी जाताना रक्त पातळ करणारे अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम लिहिले गेले होते. वय ८० च्या वर आणि वजन ६० च्या आत असे दोन निकष एकत्र आल्यामुळे डोस २.५ हवा, हे तिने दाखवून दिले; जुन्या नऊ गोळ्यांची यादी नव्या यादीशी ताडून पाहिली आणि फॅमिली डॉक्टरांना फोन करून बदल कळवले. रुग्ण एकच आणि मुलगीही तीच, पण दोन पत्रे वाचणारे दोन वेगळे डॉक्टर तिच्यात आपापला भावी रेसिडेंट पाहू शकतात. शाखेचे पत्र म्हणतात ते याला. ‘मेहनती, नम्र, मिळून-मिसळून वागणारी’ ही विशेषणे कुठल्याही शाखेला चालतात, म्हणूनच ती कुठेच कामाची नसतात.

शाखेचे नावच न घेता ‘रेसिडेन्सी प्रशिक्षणासाठी’ असे मोघम पत्र घ्यावे का? चौथ्या जागेसाठी अवश्य घ्यावे. संशोधनातले मार्गदर्शक, आयसीयूचे डॉक्टर, प्रशिक्षणाच्या वेळचे विभागप्रमुख यांच्याकडून असे पत्र मिळाले तर दोन्हीकडे वापरता येते आणि कुठे खटकत नाही. पण चारही पत्रे तशी असली तर वाचणाऱ्याला ते लगेच कळते. मोघम पत्र आधार देते, वकिली करत नाही.

खरी गुंतागुंत होते ती एकाच डॉक्टरकडून दोन शाखांसाठी पत्र घेताना. मेडिसिनचे प्राध्यापक मेडिसिनसाठीही लिहायला तयार आहेत आणि न्यूरॉलॉजीसाठीही, अशा वेळी ईरासवर दोन स्वतंत्र नोंदी करायच्या, दोन आयडी, दोन विनंती-अर्ज आणि दोन पीडीएफ. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पीडीएफची अदलाबदल. न्यूरॉलॉजीचे पत्र मेडिसिनच्या आयडीवर चढते. तुम्ही हक्क सोडलेला असतो, स्क्रीनवर फक्त ‘अपलोड झाले’ आणि तारीख दिसते, आणि तीस प्रोग्रॅमना चुकीचे पत्र निघून जाते. यावर उपाय साधा आहे, पण कोणी करत नाही. दोन्ही विनंती-अर्ज एकाच ई-मेलमध्ये पाठवू नका. दोन वेगळे मेल, शक्यतो एका दिवसाच्या अंतराने पाठवा. विषयाच्या ओळीत शाखा आणि आयडी लिहा. पीडीएफच्या नावातच शाखा घालायची विनंती करा. अपलोड झाल्यावर ‘सर, या आयडीवर न्यूरॉलॉजीचेच पत्र गेले ना?’ असे विचारायला हरकत नाही. मजकूर पाहायला मागणे वेगळे आणि शाखा विचारणे वेगळे. चूक सापडलीच तर नवी नोंद करून नव्या आयडीवर पत्र मागवणे सगळ्यांत सुटसुटीत. एकदा प्रोग्रॅमकडे पोहोचलेले पत्र मात्र परत घेता येईल असे धरून चालू नका. त्यांनी ते वाचलेले असते.

प्रोग्रॅमना पत्रे जोडतानाही हीच शिस्त लागते. रात्री दोनला, यादीतली साठ नावे सरसर खाली ओढत पत्रांवर टिचक्या मारणे हा सगळ्या चुकांचा उगम आहे. आधी कागदावर किंवा एक्सेलमध्ये तक्ता करावा : उभ्या रकान्यात प्रोग्रॅम, आडव्यात पत्र एक ते चार, पाचव्या रकान्यात पर्सनल स्टेटमेंट. आधी एक शाखा पूर्ण करावी, ती दुसऱ्या कोणाला तरी तपासायला द्यावी आणि मगच दुसरी शाखा हाती घ्यावी. पर्सनल स्टेटमेंटचे शीर्षक स्वतःसाठी स्पष्ट ठेवावे. ‘फायनल’, ‘फायनल नवे’, ‘फायनल खरे’ अशा तीन फायलींतून योग्य ती अर्ध्या रात्री कोणालाही ओळखता येत नाही. अर्जाचा मुख्य भाग, म्हणजे अनुभव वगैरे, दोन्ही शाखांना एकच जातो हेही ध्यानात असू द्या. अनुभवांच्या दहा जागा असतात आणि त्यांतले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात. हे तिन्ही एकाच शाखेचे असतील तर दुसऱ्या शाखेच्या फाइलला त्या शाखेची पत्रेच तारून नेतात.

लिहिणाऱ्या डॉक्टरला दोन शाखांची गोष्ट सांगावी की लपवावी, हा प्रश्न हमखास येतो. आमचे मत स्पष्ट आहे, सांगावी. ‘मी दोन्हीकडे अर्ज करतो आहे, आपल्याकडून मला आपल्या शाखेसाठी पत्र हवे आहे’ एवढे एक वाक्य पुरे. लपवले तर डॉक्टर भरात ‘हिला पहिल्या दिवसापासून दुसरे काहीच व्हायचे नव्हते’ असे लिहून जातात, आणि मग तेच पत्र दुसरीकडे वापरायची वेळ आली तर कुचंबणा होते. शिवाय एकाच हॉस्पिटलातले दोन विभाग एकमेकांशी बोलतात, दोन्हीकडचे लोक जेवायला एकाच कॅफेटेरियात जातात. म्हणून एकाच हॉस्पिटलच्या मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन अशा दोन्ही प्रोग्रॅमना अर्ज करण्याआधी दहा वेळा विचार करावा. केलाच तर मुलाखतीत दोन्हीकडे एकच, खरे उत्तर द्यावे.

आता आपल्याकडच्या एका प्रथेबद्दल, थोडे कडू. ‘तू लिहून आण, मी सही करतो.’ ही पद्धत आपल्या कॉलेजांत इतकी रुळली आहे की मुलांना त्यात वावगे वाटत नाही. दोन शाखांचा अर्ज असला की तोच मुलगा सहा पत्रे लिहितो, सहांत तीच वाक्यरचना, तेच ‘एक्स्ट्रीमली डिलिजंट’, स्वल्पविरामांच्या त्याच चुका. वर्षाला शेकडो फायली वाचणाऱ्या माणसाला ही एकाच हाताची लिपी दुसऱ्या पत्रापर्यंतच ओळखू येते. सरांना वेळ नसेल तर मसुदा देऊ नका, मुद्दे द्या : कोणत्या तारखांना रोटेशन (एखाद्या विभागातले काही आठवड्यांचे प्रशिक्षण) केले, कोणते तीन रुग्ण पाहिले, कोणते प्रेझेंटेशन दिले, सरांनी काय दुरुस्त केले. त्यावरून दहा ओळी त्यांनी स्वतः सांगितल्या तरी त्या खऱ्या वाटतात. सरांच्या नावाने जीमेल खाते उघडून स्वतःच पत्र चढवण्याच्या वाटेला तर जाऊच नका. बनावट पत्र परदेशी पदवीधरांना प्रमाणित करणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेच्या लेखी गैरवर्तन ठरते, आणि त्याची नोंद उमेदवाराच्या रेकॉर्डवर राहू शकते. एका वर्षाची घाई सगळ्या आयुष्याला नडते.

भारतातली पत्रे चालतात का? चालतात. इंग्रजीत, संस्थेच्या लेटरहेडवर, सही-तारखेसह असावीत. लिहिणाऱ्याने आपण कोण, किती वर्षे शिकवतो, एका वर्षात किती इंटर्न हाताखालून जातात आणि हा मुलगा त्यांत कुठे बसतो हे लिहिले तर परदेशी वाचणाऱ्याला मोजपट्टी मिळते. स्कॅन साधा काळा-पांढरा ठेवावा, पान अमेरिकी लेटर साइजचे, म्हणजे ८.५ × ११ इंचांचे करावे, फाइलला पासवर्ड लावू नये. आपल्याकडचे ए-४ आणि मोबाइलवर काढलेले जड रंगीत फोटो अपलोड करताना नाहक त्रास देतात. तरी चारांतली दोन-तीन पत्रे अमेरिकेत काम पाहिलेल्या डॉक्टरांचीच असावीत, कारण तिकडच्या वॉर्डात हा माणूस कसा वागेल हे तेच सांगू शकतात. पदवी हातात आल्यावर बहुतेक ठिकाणी रुग्णाला हात लावता येत नाही, फक्त ऑब्झर्व्हरशिप मिळते. अशा पत्रात ‘याने रुग्ण तपासले, ऑर्डर लिहिल्या’ असे आले की ते खोटे असल्याचे लगेच कळते. ऑब्झर्व्हरशिपच्या पत्रात केसवरची चर्चा, वाचन, प्रेझेंटेशन, वेळेवर येणे, प्रश्नांची खोली एवढेच प्रामाणिकपणे येऊ शकते, आणि तेवढे पुरतेही.

दोन शाखांचा आणखी एक प्रकार आहे, तो कोणी ‘दोन शाखा’ म्हणून मोजतच नाही. रेडिओलॉजी, अनेस्थेशिया, न्यूरॉलॉजी, पीएमआर (शारीरिक पुनर्वसन) यांतल्या काही जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. पहिल्या वर्षासाठी प्रिलिमिनरी (एकाच वर्षाच्या) मेडिसिन, सर्जरी किंवा ट्रान्झिशनल (वेगवेगळ्या विभागांत फिरण्याच्या) वर्षाला वेगळा अर्ज करावा लागतो. मुले मुख्य शाखेची पत्रे जमवण्यात वर्ष घालवतात आणि प्रिलिमिनरीला रेडिओलॉजिस्टची तीन पत्रे जोडतात. त्या वर्षी तुमच्याकडून रात्री बारा रुग्ण सांभाळून घ्यायचे असतात. फिल्म वाचण्यातले तुमचे कौशल्य मेडिसिनवाल्यांच्या काय कामाचे? त्यांना वॉर्डातले पत्र हवे. इथे दोन शाखा लपवायचीही गरज नसते, सगळ्यांना ठाऊकच असते. तरी पत्रे वेगळी लागतातच.

काही शाखांत साधे पत्र चालतच नाही. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये ठरावीक साच्यातले मूल्यमापन-पत्र असते, त्याला तिकडे ‘स्लो’ म्हणतात. त्यात विद्यार्थ्याची तुलना बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी करून क्रम द्यावा लागतो. हे पत्र फॅमिली मेडिसिनला जोडले तर पहिली पसंती कोणती होती हे छापून दिल्यासारखेच होते. गायनॅकची गोष्ट अधिक अवघड झाली आहे. २०२४-२५ च्या हंगामापासून ती शाखा ईरासमधून बाहेर पडून रेसिडेन्सीकॅस या वेगळ्या अर्जसेवेकडे गेली, पुढच्या हंगामात इमर्जन्सी मेडिसिनही गेली. गायनॅक पहिली आणि फॅमिली मेडिसिन दुसरी अशी योजना आपल्याकडच्या पुष्कळ मुलींची असते. त्यांना आता दोन अर्जसेवा, दोन शुल्के आणि दोन ठिकाणी पत्रे लागतात. ईरासवर चढवलेले पत्र तिथे आपोआप जात नाही. ज्या डॉक्टरने दोन्हीकडे लिहायचे कबूल केले, त्यांना दोनदा अपलोड करावे लागेल हे विनंती करतानाच सांगा. सप्टेंबरात सांगितले तर ते वैतागतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

वेळेचा हिशेब उलटा करावा. ईरासवर अर्ज सादर करणे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि प्रोग्रॅमना फायली उघडतात त्या महिन्याच्या शेवटी. २०२४ मध्ये ती तारीख २५ सप्टेंबर होती. म्हणजे पत्रे ऑगस्टच्या अखेरीस चढलेली हवीत, जुलैत हातात विनंती-अर्ज हवेत, आणि रोटेशने त्याआधी संपायला हवीत. दोन शाखा म्हणजे किमान चार रोटेशने, दोन-दोन. त्यांची ठिकाणे मिळवायला आधीचे पाच-सहा महिने जातात. पत्र मागायची योग्य वेळ रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात, समोर बसून, आणि शब्द नेमके : ‘मला या शाखेसाठी भक्कम पत्र देणे आपल्याला जमेल का?’ डॉक्टर क्षणभर घुटमळले तर आभार मानून विषय सोडून द्यावा. कोमट पत्र हे पत्र नसण्यापेक्षा वाईट. होकार मिळाला तर त्याच दिवशी सीव्ही, त्या शाखेचे पर्सनल स्टेटमेंट (दुसऱ्या शाखेचे चुकूनही नव्हे), पाहिलेल्या रुग्णांचे नावाविना टिपण आणि विनंती-अर्ज पाठवावा. तीन आठवड्यांनी एक आठवण, त्यानंतर दहा दिवसांनी दुसरी. तिसरी त्यांच्या सेक्रेटरीला.

एखादे पत्र उशिरा येणार असेल तर त्यासाठी अर्ज अडवून धरू नये. न आलेले पत्रही नोंद करून जोडून ठेवता येते. चढले की ते प्रोग्रॅमला पोहोचते. पण घाबरून ती जागा दुसऱ्या शाखेसाठी लिहिलेल्या पत्राने भरू नका. तीन योग्य पत्रे आणि एक रिकामी जागा असलेली फाइल चालते. तीन योग्य आणि चौथे भलत्या शाखेसाठी लिहिलेले असले की बोलणे त्या चौथ्यावरच होते. प्रोग्रॅम सिग्नललाही, म्हणजे मोजक्या प्रोग्रॅमना आपली खास पसंती कळवण्याच्या सोयीलाही, हेच लागू. ते शाखेगणिक वेगळे मिळतात, इंटर्नल मेडिसिनला २०२४-२५ मध्ये तीन सुवर्ण आणि बारा रौप्य होते. जिथे सुवर्ण सिग्नल दिला, तिथे त्या शाखेची सगळ्यांत चांगली तीन पत्रे गेली आहेत ना, हे आधी बघावे. मार्चमधल्या निकालाआधी जी पसंतीक्रमाची यादी भरायची असते, तिच्यात मात्र दोन्ही शाखांचे प्रोग्रॅम एकाच यादीत, मनाला येईल त्या क्रमाने मिसळता येतात. ऑप्शन फॉर्म भरायची आपली हौस तिथे खुशाल भागवावी.

संपादक महोदय, एक विनंती. या विषयावरचा मजकूर मार्चमध्ये मॅचच्या निकालाबरोबर, यशस्वी मुलांच्या फोटोंसह छापला जातो. तेव्हा त्या वर्षाच्या मुलांना त्याचा उपयोग उरलेला नसतो आणि पुढच्या वर्षाच्या मुलांची निम्मी रोटेशने ठरून गेलेली असतात. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या आसपास छापता आला तर बघावे. मुले तेव्हा ठिकाणे शोधत असतात.

आपले,
रेसिडेन्सीच्या अर्जांसाठी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे काही डॉक्टर, पुणे